शेवटचो हात कोणाचो?

द्वारकाबाय आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, एकदम यायची नाही. आधी दगडी गडग्यापलीकडून तिची हाक यायची, मग वास यायचा, मग डोक्यावरची मासळीची टोपली दिसायची आणि टोपलीखाली सगळ्यात शेवटी ती स्वतः. चालायची अशी की जणू सात फूट उंच आहे. होती माझ्या खांद्याएवढी.

"मास्तरणी, उठलंस काय गो? की पेन्शन खावन अजून निजलंस?"

सकाळी आठ वाजता ही विचारपूस सगळी वाडी ऐकायची. मी शाळेतून नुकती निवृत्त झाले होते. अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे आज ऐंशीला टेकल्यावर बघते तर अगदी पोरगी. पोरीला जेवढी घमेंड असते तेवढी होतीच, वर मुख्याध्यापिकेची जादा.

द्वारकाबाय डोळ्यांनी फार कमी बघायची. ती हातांनी बघायची. आखूड, जाड, खाऱ्या पाण्याने फुगलेले हात, बोटांवर सुरीच्या जुन्या खुणा, उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. टोपली ओट्यावर उतरवली की ती सरळ आत यायची आणि ते हात कामाला लागायचे. डब्यांची झाकणं उघडून बघायची, कालनिर्णयाचं पान उलटायची, चुलीवरच्या टोपावरची ताटली उचलायची आणि "ह्या कसला गो पाणी? ह्येका आमटी म्हणतत?" असं म्हणून ताटली परत ठेवायची. नवी वस्तू आली तर ती तिच्या हातांखालून गेल्याशिवाय आमच्या घरची होत नसे.

तिचा नवरा होता तोवर त्यांची होडी होती, मागे छोटं इंजिन लावलेली. ते इंजिन दर चार दिवसांनी रुसायचं. नवरा त्याला शिव्या घालायचा आणि इंजिन ढिम्म. मग द्वारकाबाय नवऱ्याला बाजूला बसवायची आणि तीन प्रश्न विचारायची. इंजिनाला नव्हे, नवऱ्याला. "काल चलत होता? मगे मदी काय केलंस? शेवटचो हात कोणाचो?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत नवऱ्याला काहीतरी आठवायचं आणि तो मुकाट्याने पाना हातात घ्यायचा. पुढे नवरा गेला, होडी गेली. प्रश्न मात्र राहिले.

ते प्रश्न एकदा आमच्याही कामी आले. विहिरीचा पंप पाणी चढवेना. आमच्या ह्यांनी तो दोनदा खोलला, दोनदा बसवला आणि शेवटी त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचायला घेतला. द्वारकाबाय ओट्यावर बांगडे मांडत होती. तिथूनच तिने विचारलं, "मदी काय केल्यात?"

"विहीर उपसून घेतली," मी म्हटलं.

"पाईप खंय होतो तेवा?"

"खळ्यात. रात्रभर."

"शेवटचो हात कोणाचो?"

"उपसणाऱ्या गड्याचा. त्याने तसाच उचलून आत सोडला."

"मगे पंपाक कित्याक छळतास? पाईपात बघा."

पाईपाच्या तोंडाशी अंग चोरून एक खेकडा बसला होता. "कुर्ली गो! भाडेकरू!" असं म्हणत तिने त्याला नांग्यांसकट पकडला, पदरात गुंडाळला आणि घरी नेला. पंप चालू झाला. ह्यांनी पेपर खाली ठेवला नाही, पण कितीतरी वेळ पानही उलटलं नाही.

दोन हजार चारच्या मे महिन्यात माझ्या मुलाने पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यात सीडी लिहिता येत असे. मी बाजारातल्या क्लासात जाऊन महिन्याभराचा कोर्स केला. वर्गात बाकी सगळी माझ्याच शाळेतून बाहेर पडलेली मुलं. मिळालेलं प्रमाणपत्र मी फ्रेम करून घेतलं आणि आल्यागेल्याच्या नजरेला पडेल असं टांगलं. शिकताना बऱ्याच सीडी वाया गेल्या. द्वारकाबायने त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या, उन्हात धरल्या, तिरीप माझ्या डोळ्यांवर पाडली.

"हेंचा आता काय करतंस?"

"टाकणार. फुकट गेल्या त्या."

"माका दी."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर तिच्या सुकत घातलेल्या मासळीवर सुतळीला ओवलेल्या माझ्या सीडी लटकत होत्या. वाऱ्याने फिरायच्या, लखलखायच्या आणि कावळे लांब माडावर बसून आरडाओरडा करायचे. माझ्या चुकांचा असा उपयोग झालेला बघून मला तेव्हा हसू आलं होतं.

तिचा झील, म्हणजे मुलगा, सुहास मस्कतला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होता. तिला लिहिता येत नव्हतं. फोन करायचा तर बाजारातला एसटीडी बूथ. त्या बूथचं दार लागत नसे आणि बूथवाला तिचा चुलत दीर. मी सुचवलं, माझ्याकडे माईक आहे, तू बोल, मी सीडी करते, कोणी तिकडे जाणारा असला की त्याच्यासोबत धाडू. गणपतीत पहिली सीडी केली. खुर्चीवर मांडी घालून बसली आणि माईक तोंडाशी धरून तिने अशी आरोळी ठोकली, की समोरच्या घरातले आरती थांबवून बाहेर आले.

"सुहाऽऽस! अरे सुहाऽऽस!"

"द्वारकाबाय, हळू. तो होडीत नाही. जवळच आहे असं समजून बोल."

तिने माईकात डोकावून बघितलं. "आता आयकता काय तो?"

"आता नाही. सीडी पोचली की. पंधरा दिवसांनी."

"मगे आता मी कोणाशी बोलतंय गो? तुज्याशी? तुज्याशी तर रोजच बोलतंय!"

पण नंतर बोलली. सुक्या मासळीचं, म्हशीचं, मंडळाच्या गणपतीच्या सोंडेचं, सगळं बोलली. सीडी पोचली. सुहासने बूथवर फोन करून सांगितलं की खोलीतल्या सगळ्यांनी ती तीन वेळा ऐकली आणि एक जण रडला. तो एक जण कोण, हे त्याने सांगितलं नाही. द्वारकाबाय आठवडाभर माझ्या दारात टोपली उतरवताना आधी कॉम्प्युटरवरून हात फिरवायची, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग त्याचा दुसरा फोन आला. तिथल्या इस्पितळात केरळची एक नर्स आहे, तिच्याशी लग्न करायचं आहे. द्वारकाबायने बूथमधल्या गर्दीसमोर "जमाचा नाय" म्हटलं आणि फोन आपटला. तो म्हणाला होता, दिवाळीपर्यंत विचार कर, नाहीतर आम्ही दोघं सही करून मोकळे होऊ. दहा-बारा दिवस ती त्याचं नाव घेईना. मी दोनदा विषय काढला, तर तिने दोन्ही वेळा माझ्या आमटीला नावं ठेवली.

मधे दसरा आला. आता हे सांगायलाच हवं, कारण सगळं त्यात आहे. मी कॉम्प्युटरची पूजा केली. पडद्याला झेंडूची माळ घातली, कीबोर्डावर फूल ठेवलं. मग मला वाटलं, ह्याचं खरं कर्तृत्व त्या सीडीच्या खणात आहे. दुकानदार गल्ल्याचा खण उघडून पूजा करतात की नाही? मी बटण दाबलं. खण बाहेर आला. त्यात चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, वर अक्षता वाहिल्या, उदबत्ती ओवाळली, नमस्कार केला आणि पुन्हा बटण दाबलं. खण अलगद आत गेला. नैवेद्य देवाने उचलून घेतल्यासारखं समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी दिसतील तेवढ्या अक्षता काढल्या. बाकीच्या कुठे गेल्या, हा प्रश्न महिन्याभराचा कोर्स केलेल्या बाईला पडला नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी द्वारकाबाय भर दुपारी आली. टोपली नव्हती.

"मास्तरणी, माका सुहासाक सांगूचा आसा. सगळा. फोनार नको. थंय लायन उभी रवता आणि तो दीर मेलो कान टवकारून बसता."

"काय सांगणार?"

"ता त्येका सांगतलंय. तुका कित्याक? वरच्या वाडीतलो परब शनवारी कुडाळसून गाडयेर बसता. मस्कताक जाता. त्येच्या हातात गेली पायजे."

मी सगळं लावून दिलं, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि तिने मला माझ्याच खोलीबाहेर काढलं. मी खळ्यात सुपाऱ्या निवडत बसले. चाळीस मिनिटं. आतून आरोळी नाही, काही नाही, नुसती हळू बोलण्याची गुणगुण. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मग तिने हाक मारली. मी आत गेले तेव्हा ती मनगटाने डोळे पुसत होती. सीडीचा खण मी कोरी सीडी ठेवून उघडाच सोडला होता, तो तिने कपाटाचा खण लोटावा तसा हाताने आत लोटला.

"झाला. आता लिही बघू."

लिहायला लागलं. पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली, थबकली, कसलीशी इंग्रजी सूचना आली आणि खण आपोआप बाहेर आला.

"जीब दाखयता मेलो," द्वारकाबाय म्हणाली.

दुसरी सीडी. तीच गत. तिसरी. चौथी तर सुरुवातीलाच बाहेर.

पुढचे दिवस मी त्या यंत्राशी जे केलं ते कोर्सच्या वहीत पाहून केलं. वेग कमी करून पाहिला. दुसऱ्या कंपनीच्या सीडी आणल्या. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, पंखा बंद केला, ह्यांना खोलीत चालायची मनाई केली. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या. लिहिण्याचा प्रोग्रॅम काढून टाकला आणि पुन्हा भरला. खण दर वेळी जीभ दाखवत राहिला. द्वारकाबाय रोज सकाळी यायची, विचारायची, "झाली?" आणि मेलेल्या सीडी पदरात घेऊन जायची. किनाऱ्यावरची सुतळी लांबत चालली. आता ती रस्त्यावरूनही दिसायची. कोळणी मला बघून म्हणायच्या, "मास्तरणीचा पीक यंदा बरा इला!" आता मला हसू येत नव्हतं.

"बाबी मेस्त्रीक बोलय," द्वारकाबायने बुधवारी सांगितलं. बाबी मेस्त्री आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. कुडाळचा माणूस, दर गुरुवारी मालवणच्या बाजारात त्याच्या दुकानात असायचा.

"कशाला? मी कोर्स केलाय."

गुरुवार गेला. मी त्याला बोलावलं नाही. भिंतीवरच्या त्या फ्रेमकडे बघून नाही बोलावलं.

शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा मी रात्रभर न झोपलेली, चष्म्याच्या काचा तेलकट, समोर आणखी तीन मेलेल्या सीडी. दुसऱ्या दिवशी परबाची गाडी. द्वारकाबाय खाली बसली आणि होडीच्या इंजिनाच्या वेळी नवऱ्याला लावायची तो सूर लावून म्हणाली,

"बरा. आयक. आदी चलत होता?"

"होतं. दसऱ्यापर्यंत होतं."

"मगे दसऱ्याक काय केलंस?"

"काय करणार? पूजा केली."

"कशी?"

"जशी करतात तशी! पूजेने काही बिघडत नाही, द्वारकाबाय."

"मी खंय म्हणतंय बिघाडता? इचारतंय. मगे शेवटचो हात कोणाचो?"

मला राग आला की माझी मराठी शुद्ध होते. शाळेतली मुलं हे ओळखून असत. मी 'ण' नीट उच्चारायला लागले की मागच्या बाकावरची पोरं सरळ बसायची.

"तुमचा," मी म्हणाले.

वीस वर्षं अगो-तुगो केल्यावर, तुमचा.

"शेवटचा हात तुमचा होता, द्वारकाबाई. मासे कापून आलेल्या हातांनी तुम्ही तो खण ढकललात. ह्या वस्तू नाजूक असतात. त्यांना मासळीचा हात चालत नाही. पुन्हा कृपा करून माझ्या वस्तूंना हात लावू नका."

खळ्यात दोन शेजारणी होत्या. त्यांच्या कानी पडावं म्हणून आवाज चढवला नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आत माझ्या चुलीवर तिनेच आदल्या सांजेला दिलेल्या बांगड्यांचं तिखलं रटरटत होतं. त्याचा वास सगळ्या घरभर होता, माझ्या साडीला होता, माझ्या बोटांना होता. तो वास मला चालत होता.

तिने आपले हात समोर धरले. आधी पाठीकडून बघितले, मग तळव्याकडून.

"बरा," ती म्हणाली आणि गेली. त्या दिवशी मेलेल्या सीडी तिने नेल्या नाहीत.

शनिवारी परब गेला, रिकाम्या हाताने. दुपारी मी बाजारात होते. बूथच्या बाहेर रांग होती आणि आत द्वारकाबाय. दार अर्धं उघडं.

"व्हय," ती फोनात ओरडत होती, आवाज पोचावा म्हणून. "व्हय म्हटलंय मां! कर."

तिने फोन ठेवला. "कोणाचा लगीन गो?" दिराने विचारलं. रांगेतलं कोणीतरी हसलं. ती कोणाकडे न बघता बाहेर पडली, माझ्याकडेही नाही. चाळीस मिनिटांच्या हळू बोलण्याचे तेवढेच शब्द उरले होते, आणि तेही ओरडून. सुहासला ते रागाचे वाटले. त्याने लग्न केलं, पण पुढची तीन वर्षं घरी आला नाही.

पुढच्या गुरुवारी मी बाबी मेस्त्रीला बोलावलं. आता बोलवायला काही हरकत नव्हती, आता घाई कसलीच नव्हती. त्याने ड्राइव्ह काढला, स्क्रू सोडवले, झाकण उचललं आणि थांबला.

"बाई," तो म्हणाला, "हय प्रसाद वाटप झालाला काय?"

आत लाल-पिवळी भुकटी पसरली होती. ज्या भिंगातून किरण सीडीवर पडतो त्या भिंगावर कुंकवाचा थर. "डोळ्यात कुंकू घातलास तर बघतला कसा बिचारा?" तो पुटपुटला आणि कापसाने स्पिरिट लावून पुसू लागला. मग चिमट्याने त्याने खण सरकवणाऱ्या चाकाच्या दातांतून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. अक्षतांचे दोन दाणे. अजून लाल.

त्या क्षणी त्याच दोघी शेजारणी खिडकीशी आल्या. "काय गावला गो बाई?"

मी मूठ मिटली.

"खवला," मी म्हणाले. "माशाचा खवला निघाला."

बाबी मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मग स्क्रू एकेक करून परत घट्ट केले. सांजेपर्यंत खवला सगळ्या वाडीत पोचला.

त्या रात्री ह्यांनी दिवा मालवताना एवढंच म्हटलं, "उद्या जाऊन तिला सांग." खिडकीशी ते नव्हते, पण माझी मूठ त्यांनी बघितली असावी. मी झोपेचं सोंग घेतलं.

यंत्र आता लोण्यासारखं चालत होतं. मी तिची सीडी केली. नीट झाली का हे तपासायला ती लावली, आणि मग बंद केली नाही. ऐकली. पूर्ण. तिने काय सांगितलं होतं ते मी इथे लिहिणार नाही, ते सुहासचं आहे. एकच लिहिते, कारण ते माझं आहे. मधेच ती म्हणत होती:

"…तुजा आवाज माका ह्या मास्तरणीमुळे मेळता. तिच्या घरात मी सरळ आत जातंय हां बाबा. डबे उघडतंय, टोपाक हात लावतंय. बाकीची मासे घेतत आणि ओट्यार पाणी मारतत. ही कदी मारूक नाय. तुज्या बायलेक सांग, आमच्यात अशी माणसापण आसत…"

मी ते दोनदा ऐकलं. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन किनाऱ्यावर गेले तेव्हा खवल्याविषयी काही बोलले नाही. लाज वाटली की माणूस खरं बोलतो असं मी मुलांना शिकवलं होतं. लाज वाटली की माणूस आणखी घट्ट तोंड मिटतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

ती मासळी उलटत होती.

"द्वारकाबाय, झाली ग सीडी."

"आता कोण घेवन जातलो?"

"तरी… तुझी आहे."

"खाली ठेव."

मी पुढे केलेला हात तसाच राहिला. मग मी सीडी चटईच्या कडेला ठेवली. तिने ती पदराआडून उचलली, मधल्या भोकातून सुतळी ओवली आणि बाकीच्यांच्या रांगेत बांधली. वाऱ्याने ती फिरली, लखलखली. त्या सगळ्या मुक्या तबकड्यांत तेवढी एकच बोलकी होती, आणि कावळ्यांना घाबरवत होती. मी दुसरी प्रत काढून ठेवू शकले असते. काढली नाही. पुन्हा ऐकवणार नव्हतं. पुढच्या पावसाळ्यानंतर कॉम्प्युटर कायमचा बंद पडला आणि किनाऱ्यावरच्या सीडीची चांदी खाऱ्या वाऱ्याने सोलून निघाली. कावळे तर आधीच सरावले होते. सीडीच्या सुतळीवरच बसायचे.

त्यानंतरही ती मासे घेऊन यायची. तसं सोडून देणाऱ्यातली ती नव्हती. पण आता हाक नाही, पेन्शनची चौकशी नाही. खालच्या पायरीवर बसायची, मासे सुपात ओतायची आणि हात पदरात घ्यायची. मी ताट पुढे केलं तर "खाली ठेव." चहा दिला तर "नको गो, हात खराब आसत." मी डबा मुद्दाम उघडा ठेवला तर त्याच्याकडे ती बघायचीसुद्धा नाही.

आणि मी? मला वाटायचं, बिचारीच्या मनाला फार लागलंय, स्वतःच्या हातांची तिला लाज वाटते. मला तिची दया यायची. खोटं बोलले मी, आणि वर दया करणारीही मीच! त्या दयेत मी इतकी रमले होते की स्वतःला जरा चांगलीच बाई समजायला लागले. ते दोन दाणे कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवले होते. दर गणपतीला ठरवायचे, या वेळी सांगायचं. मोदकांचा डबा घेऊन तिच्या दारापर्यंत जायचे. मग पावसाचं बोलायचे, सुरमईचं बोलायचे, डबा खाली ठेवायचे आणि परत यायचे.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर नवा कॉम्प्युटर बघायला बाबी मेस्त्री आला. केस पिकलेले. काम करता करता म्हणाला, "द्वारकाबाय आज वेंगुर्ल्याक चालली. झिलाकडे. सुहास आणि त्याची बायको कायमची इली मां परत. बायकोक थंय इस्पितळात काम मेळला."

"आज?" मी म्हटलं. मग न राहवून बोलले. "बाबी, तिला अजून वाटतं, तो खवलाच होता."

त्याने मान वर केली. "कोणाक? द्वारकाबायक? बाई, मी त्याच सांजेक सांगितलंय तिका. बांगडे घेतंना."

"मग… ती हात का लपवते? कशालाच हात लावत नाही ती."

"खंय?" बाबी हसला. "माज्या दुकानात येता ती सगळे खण उघडून बघता. माजो मोबाईल परवा तिनाच पाडल्यान."

मी पुडी घेतली आणि चपला उलट्या-सुलट्या पायांत घालून निघाले.

एसटी स्टँडवर वेंगुर्ल्याची गाडी लागली होती. ती खिडकीत बसली होती. मांडीवर कोणाचं तरी पोर, त्याच्या आईला पिशव्या लावायला मोकळं करावं म्हणून घेतलेलं. द्वारकाबाय त्याचे गाल चिमटीत धरत होती, टोपडं सारखं करत होती, नाकावरून बोट फिरवत होती. हातांना क्षणाची उसंत नव्हती. तिने मला बघितलं. हात पदरात गेले.

मी खिडकीशी उभी राहिले. दम लागला होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रागात नसूनही शुद्ध बोलायला लागले, मग थांबले आणि पुन्हा सुरुवात केली.

"द्वारकाबाय, तो खवलो नव्हतो गो. तांदूळ होते. माज्या पूजेचे. शेवटचो हात माजो होतो."

"पाच वर्सां लागली तुका ह्या बोलाक?"

"तुका ठावक होता."

"व्हय तर."

"मगे म्हटलंस नाय कित्याक?"

"मी कित्याक म्हणू? तांदूळ तुजे." ती म्हणाली. मग पदरातून हात काढला, खिडकीबाहेर घातला आणि तळवा माझ्या नाकाशी आणला. "वास मार."

मी मान मागे घेतली.

"मार गो, मार वास. येता?"

मी वास घेतला. मीठ, बांगडे, आणि त्या पोराच्या अंगाची पावडर.

"येता," मी म्हणाले.

"येतलोच. जलमभर मासो इकलंय मी. वास येता ता मी कदी नाय म्हणूक नाय. पण खवलो माजो नव्हतो."

कंडक्टरने घंटी दिली. मी पुडी पुढे केली आणि पाच वर्षांच्या सवयीने ती कुठे खाली ठेवता येईल ते शोधू लागले. एसटीच्या खिडकीला बाहेरून खाली जागा नसते. तिने पुडी माझ्या बोटांतून काढून घेतली, उघडली, ते दोन विटके दाणे बघितले.

"ह्या जपलंस?" एवढंच म्हणाली, आणि दाणे बाहेर फेकले.

माझ्या पायाशी एक कावळा उतरला. अजिबात न घाबरता त्याने दोन्ही दाणे टिपले. गाडी हलली. तिचा हात खिडकीबाहेर आला, वळणापर्यंत तसाच होता, हलत होता. मीही माझा हात वर केला आणि हलवत राहिले. गाडी वळली तेव्हा मला दिसलं, ती माझ्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या पोराला ती कावळा दाखवत होती.

मी आपली हात हलवत उभी.